एकट्याचा कारखाना

बुधवार, रात्र

आजची दुपार एका व्हेंडर फॉर्ममध्ये, म्हणजे पुरवठादार म्हणून नाव नोंदवायच्या फॉर्ममध्ये गेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका पोराचं एकट्याचं मशिन शॉप आहे, त्याचे जीएसटी रिटर्न मी भरते. पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्याचं काम मिळायची आशा आहे, त्यांचा फॉर्म भरून तो मला दाखवायला आला होता. मालक म्हणून स्वतःचं नाव. मार्केटिंगला बायकोचं. क्वालिटी हेड म्हणून मेहुणा, जो गडहिंग्लजला शाळेत शिकवतो. अकाउंट्ससमोर चक्क माझं नाव. ईमेलचे पत्ते प्रत्येक खात्याला वेगळे, आणि सगळे मेल येऊन पडतात एकाच फोनवर. तो फोन लेथशेजारी कॉटन वेस्टवर पडलेला असतो, काचेवर कायम ऑइलचे ठसे.

"मॅडम, एकटा हाय म्हटलं की फॉर्म तिथंच बाजूला पडतोय," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणून मला त्याचा राग आला नाही. खरेदी खात्यातल्या माणसाला भीती असते ती एवढीच, की हा आजारी पडला किंवा गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, चार दिवस गेला तर आपली लाइन थांबेल. भीती रास्त आहे. पण फॉर्म तो प्रश्न विचारतच नाही. तो खात्यांची नावं मागतो, मग माणूस खाती तयार करतो.

माझ्याकडच्या फायलींमध्ये हे सगळीकडे दिसतं. घराच्या पत्त्यावर 'हेड ऑफिस', नावापुढे 'ग्रुप', वेबसाइटवर कुठल्यातरी काचेच्या इमारतीचा फोटो, फोन लावला तर 'विक्रीसाठी एक दाबा'. महाद्वार रोडवरच्या जुन्या पाट्यांवरचं 'अँड सन्स' मी यात धरत नाही. ती बापाची पोरांविषयीची आशा असते, त्यात गिऱ्हाइकाला फसवणं नाही. बाकीचं मात्र जीएसटी नंबरच्या पहिल्या काही अक्षरांतच उघडं पडतं. सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढे मालकाचा पॅन. त्या नंबरातलं सहावं अक्षर 'पी' असेल तर मागे एकटा माणूस, 'सी' असेल तर कंपनी. पोर्टलवर नंबर टाकला की कुणालाही 'प्रोप्रायटरशिप' असं लिहिलेलं दिसतं. पुण्यातला खरेदीवाला हे एका मिनिटात बघू शकतो, आणि बघितलं की मेहुण्याचं नाव काय कामाचं?

लेटरहेडवर 'प्रा. लि.' टाकू का, असंही त्याने विचारलं. मी जागेवरच नाही म्हटलं. नोंदणी नसताना ते शब्द लावले तर कंपनी कायद्याच्या कलम ४५३ खाली रोजचा ५०० ते २,००० रुपये दंड आहे. कंपनीच हवी असेल तर २०१३ च्या कायद्याने एकट्या माणसालाही ती काढता येते. पण तिथेही नावाखाली कंसात 'वन पर्सन कंपनी' छापावंच लागतं. कायद्याला एकटेपणाची अडचण नाही, फक्त तो लपवलेला चालत नाही.

मला खरी तळमळ वाटते ती पैशांची. याच्याकडे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी आहे, त्यात तो सूक्ष्म उद्योग आहे. त्यात कमीपणा कसला? एप्रिल २०२५ पासून यंत्रांतली गुंतवणूक अडीच कोटींच्या आत असेल तर १० कोटींपर्यंत उलाढाल असलेले सूक्ष्मच धरतात. आणि लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने अशा पुरवठादाराचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यावर आणखी एक गोष्ट आली, की मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. एकट्या माणसाच्या हातात एवढं बळ आहे आणि हा पोरगा उद्यमचा नंबर बिलावर छापत नाही, लहान दिसू म्हणून! गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने याचे पैसे चार महिने अडकवले. मागायला गेला तर उत्तर मिळालं, तुमच्यासारख्या मोठ्या फर्मला थोडं थांबायला काय हरकत आहे. इकडे महिन्याला बँकेचा हप्ता आणि कास्टिंगवाल्याचा तगादा चालूच होता.

२०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा अख्खं गाव पेटलं होतं. ज्या चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे मूळ गावाच्या ओळखीचा कायदेशीर शिक्का मिळाला, तिच्या कारागिराचं नाव मोठ्या ब्रँडने पुसलं, हा राग होता. मीही तेव्हा खूप चिडले होते. मग आपल्या हातच्या कामावरून आपलंच नाव आपण कसं पुसतो, हे मी त्याला आज विचारलं. तो बराच वेळ फॉर्मकडे बघत राहिला.

शेवटी नवीन फॉर्म काढला. सगळ्या रकान्यांत त्याचंच नाव. खाली 'इतर माहिती'त मशिन कुठलं, महिन्याला किती जॉब निघतात, मोजमाप कशावर होतं, हे लिहिलं. आणि तो नसेल तेव्हा शेजारच्या शॉपमधून काम पूर्ण होईल, हेही. शेजारच्या काकांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, "करूया की, त्यात काय, तूपण माझं कर." तसं साधं पत्र दोघांच्या सह्यांनी सोबत जोडलंय.

काम मिळेलच असं नाही. त्याला मी तसं सांगितलंय. उद्या प्रेसवाल्याला बिलाचा नमुना द्यायचा आहे. उद्यम नंबर जीएसटीच्या लगेच खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात घ्यायचा, आणि त्याखाली ४५ दिवसांची ओळ.