ऐंशी चपात्या

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून ग्रुपवर तीनदा मेसेज आला, शेवटी आज लोकलमध्ये विंडो सीट मिळाली म्हणून बसलोय टाईप करायला. चुका सांभाळून घ्या, शुद्धलेखनात मी तेव्हाही काठावरच पास.

मी पाचवीत होतो, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आमचे बाबा त्यातलेच. आई चाळीत खानावळ चालवायची पण जेवायला येणारे सगळे गिरणीतले, ते एकेक करून गावाला गेले, कोण साताऱ्याला कोण कोकणात, वहीत राहिली नुसती उधारी. मग आईने दादरच्या ऑफिसवाल्यांचे डबे धरले. पहाटे चारपासून ऐंशी चपात्या, स्टोव्हवर, तेही रॉकेल मिळालं तर.

सहावीत आषाढीच्या आसपास मराठीच्या बाईंनी जनाबाई शिकवली. नामदेवांच्या घरी राबणारी जनी, तिच्यासोबत विठ्ठल दळायला बसतो, शेण्या वेचतो. मी आपला हात वर केला, म्हटलं बाई मग आमच्या आईकडे का येत नाही लाटायला? वर्ग हसला. बाई नाही हसल्या. खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "येईल की. तू किती वाजता उठतोस रे?"

खरं सांगतो, मला रागच आला होता. चार-पाच दिवस गेले मग एकदा उठलो. आईने काही न विचारता लाटणं माझ्याकडे दिलं नि स्वतः भाजायला सरकली. माझी पहिली चपाती म्हणजे भारताचा नकाशा, श्रीलंकेसकट. थोड्या वेळाने बाबा पण उठले, संपात पहिल्यांदाच, आणि न बोलता कणिक मळायला बसले. नुसता स्टोव्हचा आवाज. तिघंच होतो पण खोली भरल्यासारखी वाटत होती, कसं सांगू, वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात तासन् तास रांगेत उभं राहून मूर्तीसमोर एक सेकंद मिळतो ना तसं, फक्त इथे मागून कोणी पुढे ढकलत नव्हतं.

बाबा परत गिरणीत गेलेच नाहीत. मी देवळात फारसा जात नाही, बायको ओरडते. पण हात कणकेत असले की अजून ते वाटतं, रोज नाही, कधीकधी.

आईचे हात आता थरथरतात. रविवारी मी लाटतो, ती स्टुलावर बसून बघते आणि सांगते, कडेला जाड राहिली.