सफरमैनेतला सुतार

जून म्हणजे आमच्या सेतू केंद्रात जत्रा. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, आणि मधूनच मान टाकणारा सर्व्हर. त्या गर्दीत सत्तरी ओलांडलेल्या एका काकांनी काउंटरवर फडक्यातली जड चकती ठेवली. "बाळा, हे कॉम्प्युटरवर बघ."

बारा सेंटिमीटरची काशाची चकती. त्रिशूळ धरलेली बाई, पायाशी सिंह, कडेनं इंग्रजी अक्षरं: तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. चौकटीत उठावदार अक्षरांत मेलेल्याचं नाव. पाठीवर सरसाचे वाळके डाग, कारण तीन पिढ्या फळ्या चिकटवताना वजन म्हणून हीच वापरात होती. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं मेलेल्यांच्या घरी ती पाठवली.

"आजोबांचा थोरला भाऊ. सुतारकी करायचा. सफरमैनेत गेला, बसऱ्याला. आलाच नाही." सफरमैना म्हणजे फौजेतली पूल-खंदक बांधणारी तुकडी, आणि बसरा हे इराकमधलं बंदर.

वेशीजवळ शहिदांच्या नावांची शिळा बसणार होती, आणि पुढाऱ्यांनी पुरावा मागितला होता. चकती दाखवली तर म्हणाले, यावर पलटणच नाही! बरोबर आहे. साहेब आणि शिपाई एका मापाचे, म्हणून हुद्दा-पलटण मुद्दाम घातलेली नाही. विचार चांगला, पण घरच्यांची पंचाईत.

दुपारी गर्दी ओसरल्यावर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत शोधायला बसलो. त्या नावाचे अकरा निघाले. आडनाव कुणालाच नाही. मग एकेकाच्या बापाचं नाव नि गाव बघत गेलो. सातव्यापाशी गावाचं स्पेलिंग असं काही होतं की डोळ्यांना ओळखू येईना. मोठ्यानं वाचलं, तसे काका ताडकन उठले. "आमचंच की रं! बापाचं नाव?" तेही जुळलं.

सॅपर, म्हणजे साधा शिपाई, १७वी कंपनी, तिसरी सॅपर्स अँड माइनर्स. म्हणजे खडकीची सफरमैना. पूल, खंदक, तराफे ही त्यांची कामं, म्हणून सुतार-लोहारांना तिथं मान. मृत्यू जानेवारी १९१६. तेव्हा ही कंपनी इराकमध्ये टायग्रिस नदीकाठच्या कूट गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली होती. ७ डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढा चालला आणि २९ एप्रिल १९१६ ला इंग्रजांच्या जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. नोंदीत गोळी की आजार, काहीच नाही. काका म्हणाले, घरात 'पुलावर गेला' एवढंच सांगतात.

"तिथं दगडावर नाव आसंल ना?"

इथं मी अडखळलो. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची आठवण आहे, पण नावं कोरली ती गोऱ्यांची आणि आपल्या सुभेदार-जमादारांची. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. फ्रान्समधल्या न्यव्ह-शापेलच्या स्मारकावर मात्र आपल्या शिपायांची नावं आहेत. सुतार कुठल्या आघाडीवर मेला, यावर सगळं ठरलं. मला ते खटकलं आणि मी तसं बोललोही. १९९७ मध्ये ते स्मारकही बंदराजवळून उचलून ३२ किलोमीटरवर नेऊन ठेवलं, हे सांगायचं टाळलं.

काकांनी प्रिंट हातात घेतली, गावाच्या नावावर अंगठा ठेवला.

"आकडा तर आकडा. पण ह्यो गावाचा शब्द चुकलाय. दुरुस्ती हुती का?"

होते, म्हटलं. अर्ज भरता येतो. खुर्ची ओढून बसले आणि पिशवीतून कागद काढायला लागले. "आधार कुणाचं लागंल, माझं का त्याचं?"