फुटांवरून मुळांवर : आमच्या नर्सरीची वाटचाल

सातारा-कोरेगाव रस्त्याला आमची नर्सरी सुरू झाली तेव्हा दराची पाटी फुटांत होती. दोन फुटी कडुनिंब, तीन फुटी आंबा, पाच फुटी अशोक. गिऱ्हाईक हात वर करून "एवढं द्या" म्हणायचं आणि तेवढं काढून दिलं जायचं. आज त्याच पाटीवर पिशवीचं माप आणि रोपाचं वय असतं. उंची विचारली तर सांगतो. बदल म्हटला तर एवढाच, पण त्यापायी माती, पिशव्या, कलमं, माल आणायच्या जागा, सगळंच फिरवावं लागलं.

पावसाळ्यात ५×७ इंची पिशवीत पेरलेल्या कडुनिंबाचं सोटमूळ उन्हाळ्याच्या आत बुडाला टेकतं. पुढे त्याला दोनच वाटा उरतात. एक, पिशवीच्या भोकातून खालच्या जमिनीत उतरणं. अशी रोपं वाफ्यात सगळ्यांत देखणी दिसतात, कारण ती पिशवीवर जगतच नसतात. विकताना उचलली की मूळ तुटतं आणि आठ दिवसांत पानं खाली येतात. घेणाऱ्याला वाटतं आपलंच पाणी कमी पडलं. दुसरी वाट जास्त वाईट. मूळ आतल्या आत गोल फिरत राहतं आणि त्याची चुंबळ होते. हे रोप मरत नाही. चार-पाच वर्षं वाढतं, सावली धरतं, आणि वळवाच्या एखाद्या वाऱ्यात आडवं होतं. उपटलेल्या बुंध्याखाली बघावं तर पिशवीच्या मापाची चुंबळ तशीच, बाहेर आधार धरणारं जाड मूळ एकही नाही.

यावर पहिला उपाय केला तो मजुरीचा. वाफ्याच्या तळाला जाड प्लॅस्टिक अंथरलं आणि दर ४५ दिवसांनी प्रत्येक पिशवी जागची उचलून ठेवायला लागलो. बाहेर आलेलं मूळ कात्रीनं कापायचं आणि रोप दोन-तीन दिवस सावलीत ठेवायचं. वर्ष उलटलं की एक तर मोठ्या पिशवीत बदली, नाहीतर खड्ड्यात. ५×७ मध्ये दोन पावसाळे काढलेलं रोप आम्ही फुकटही देत नाही. पिशवी बदलताना बुडाचा इंचभर थर कापून टाकायचा आणि मुळं-मातीच्या गड्ड्याला बाहेरून तीन-चार उभे छेद द्यायचे. हे न करता जुना गड्डा तसाच मोठ्या पिशवीत बसवला तर चुंबळ आत कायम राहते, फक्त झाकली जाते.

जंगली झाडांसाठी नंतर रूट ट्रेनर, म्हणजे रोपं वाढवायचे प्लॅस्टिकचे कप, आणले, १५० ते ३०० घनसेंटीमीटरचे. आतून उभ्या धारा, बूड उघडं, आणि जमिनीपासून वर मांडणीवर ठेवलेले. धारांमुळे मूळ गोल फिरत नाही. बुडाशी आलेलं टोक हवा लागून वाळतं आणि मागून नवी मुळं फुटतात. तोटा एकच, रोप फूट-दीड फुटाचं राहतं आणि माणसं "एवढंसंच?" म्हणून बघतात. पाणी मात्र रोज लागतं. एवढ्याशा मापात एक दिवसाचा खंडही उन्हाळ्यात महाग पडतो.

रोप घ्यायला आल्यावर पिशवी बुडाला हात घालून उचलावी, शेंडा धरून नव्हे. तळाची भोकं बघावीत. त्यातून पेन्सिलीएवढं मूळ बाहेर असेल तर ठेवून द्यावं. केसासारखी पांढरी मुळं दिसली तर उत्तम. मग खोड हलकेच हलवावं. खोडाबरोबर माती हलली तर मूळ धरलेलं आहे, खोड मातीत सैल फिरत असेल तर रोप नुकतंच पिशवीत भरलेलं आहे, त्याला दीड-दोन महिने द्यावे लागतात. पन्नासच्या वर रोपं घेणाऱ्यानं एक पिशवी फाडून दाखवायला सांगावी. आम्ही न मागता फाडतो. पेरूच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमी, मुळांत राहणारा बारीक जंत. असा माल पूर्ण नाकारावा, कारण तो एकदा बागेत गेला की जात नाही.

मातीची चूक आमची होती आणि ती बरीच वर्षं चालली. कृष्णाकाठची काळी माती जवळ आणि स्वस्त, म्हणून तीच भरायचो. उन्हाळ्यात तिची वीट होते, पाणी कडेनं उतरून जातं आणि गड्डा आत कोरडा राहतो. आता दोन घमेली लाल माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं वाळू किंवा भाताचं तूस असं मिश्रण असतं. शंभर घमेल्यांच्या ढिगात १० किलो निंबोळी पेंड आणि दोन किलो ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून ढीग आठवडाभर ओलसर झाकून ठेवतो.

शेणखत कुजलेलंच हवं, हा आग्रह हुमणी टाळण्यासाठी. उसाच्या पट्ट्यात कच्च्या उकिरड्याबरोबर हुमणीच्या अळ्या पिशवीत येतात. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची अळी एकटी पुरते. वरून रोप हिरवं, आणि एका दुपारी मान टाकतं. ओढलं तर मुळाशिवाय हातात येतं. खत चाळून घेणं आणि मे-जूनमध्ये पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे झाडून गोळा करणं, हे दोन उपाय औषधापेक्षा स्वस्त पडतात.

कोकोपीटबद्दल, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाबद्दल, थोडं वेगळं मत आहे. झेंडू-मिरचीच्या ट्रेला ते चांगलं. झाडाच्या पिशवीत नुसतं कोकोपीट भरलं तर वजन कमी होतं, टेम्पोत दुप्पट माल बसतो, म्हणून व्यापाऱ्याला आवडतं. तेच रोप काळ्या रानात लावलं की घोटाळा होतो. भोवतीची माती ओली दिसते आणि मधला गड्डा वाळून कोरडा पडलेला असतो, कारण चिकण माती पाणी धरून बसते, गड्ड्याकडे सोडत नाही. तुमच्याकडे असं रोप असलंच तर गड्ड्याचा बाहेरचा बोटभर थर बोटांनी मोकळा करून मातीत मिसळा आणि पहिले सहा आठवडे पाणी आळ्यात न सोडता खोडाशीच द्या.

सुरुवातीला अर्धा माल बाहेरून यायचा. शोभेची झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून, फुलझाडं पुण्याकडच्या उरुळी कांचन-सोरतापवाडी पट्ट्यातून. माल वाईट नसतो. पण गोदावरीकाठच्या दमट हवेत वाढलेला एक्झोरा मार्चमध्ये साताऱ्यात उतरवून दुसऱ्या दिवशी विकला तर आठवड्यात झडतो, आणि नाव आमचं जातं. म्हणून आलेला माल तीन आठवडे ७५ टक्के शेडनेटखाली, मग दोन आठवडे ५० टक्के नेटखाली, मग उघड्यावर, असा टप्प्यानं काढतो. भांडवल पाच आठवडे अडकतं आणि काही रोपं या काळात मरतातच. ती आमच्या अंगणात मेलेली बरी. कुठल्याही नर्सरीत एक प्रश्न जरूर विचारा : हे रोप गेले पंधरा दिवस कुठे उभं होतं? उत्तर "नेटमध्ये" असेल तर घरी नेऊन थेट उन्हात लावू नका.

फळझाडांच्या कलमांचा भाग सर्वांत जोखमीचा. रोपाची चूक बहुतेक वेळा वर्षात कळते, कलमाची पाचव्या वर्षी. आंब्याचं कोय कलम, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं रूढ केलेलं, आम्ही जून अखेर ते ऑगस्ट करतो. रायवळ कोय उगवून १२ ते १५ दिवस झालेले असावेत, खोड तांबूस आणि कोवळं असावं. कलमकाडी तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी. मातृवृक्षावर काडीची पानं आठ दिवस आधी देठ ठेवून छाटली की डोळा फुगतो. पाचर तीन-चार सेंटीमीटरची, आणि बांधणी करकचून. पाऊस लागून जोडात पाणी गेलं की काम संपलं, म्हणून कलमं छपराखालीच. या पावसाळ्यात बांधलेलं कलम पुढच्या पावसाळ्यात विकायचं. त्याआधी विकलं तर जोड दिसायला पक्का असतो, पण वाऱ्यात फाटतो.

घेताना जोड बघा. प्लॅस्टिकची पट्टी अजून बांधलेली असेल आणि तिच्या वर खोड फुगलं असेल तर गळफास बसायला लागलाय. पट्टी तिथल्या तिथे ब्लेडनं कापून घ्या. कोय कलमाचा जोड मातीच्या अगदी जवळ असतो, लावताना तो पुरू नका. जोडाखालून आलेला फुटवा दिसताक्षणी काढा. केसरची काडी मेली आणि खालचा रायवळ वाढला, असं झाड लोक चार-पाच वर्षं केसर म्हणून सांभाळतात आणि मग नर्सरीला शिव्या घालतात. कधी नर्सरी दोषी असते, कधी तो फुटवा. पिशवीतच कैरी लटकलेलं कलम मुळीच घेऊ नका. लोक तेच आधी उचलतात, विक्रेत्यालाही ते ठाऊक असतं. ते रोप खर्ची पडलेलं असतं. लावल्यावरही पहिली तीन वर्षं मोहोर खुडायचा.

चिकू खिरणीच्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या मूळ रोपावर, आहे का, हे विचारून घ्या. कागदी लिंबू मात्र बियांचं चालतं, त्यात बहुतेक आईचेच गुण उतरतात. पानावर खरबरीत तपकिरी ठिपके, म्हणजे खैऱ्या, असला तर सोडा. डाळिंबाची गुटी (फांदीला मुळं फोडून केलेलं कलम) कुठल्या बागेतून आली हे सांगता येत नसेल तर घेऊ नये, तेल्या रोग गुटीबरोबरच फिरतो. फळरोपं विकायला कृषी विभागाचा परवाना लागतो. पावतीवर परवाना क्रमांक, जात आणि खुंट लिहून मागा. लागवडीचं अनुदान घ्यायचं असेल तर मान्यताप्राप्त नर्सरीची पावती नसल्यास प्रकरण तिथेच थांबतं. आणि हो, रोपांवर जीएसटी नाही. कुंडी आणि खताचं बिल वेगळं असतं.

एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास. त्यामुळे गाव विचारल्याशिवाय आम्ही झाड सुचवत नाही. जावळी-पाटणच्या जांभ्या मातीत जुलैत खड्डा भरून वाहतो, खत धुऊन जातं. तिथे पहिल्या पावसाबरोबर लावावं, नाहीतर थेट गौरी-गणपतीनंतर. फणस, जांभूळ, हिरडा तिथे न सांगता येतात. कोरेगाव-कराडच्या काळ्या रानात खोल खड्डा म्हणजे हौद. पाणी साचतं, मूळ श्वास कोंडून कुजतं. खड्डा उथळ आणि रुंद घ्या, माती फूटभर उंच चढवून त्यावर रोप लावा. अर्जुन, करंज, उंबर तग धरतात, सीताफळ तिथे कुजतं.

माण-खटावचं गणित उलटं. मृगात लावलेलं रोप जुलैच्या उघडिपीत सापडतं, त्या बाजूचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. पाण्याची सोय नसेल तर तोवर थांबा. खड्डा मात्र एप्रिलमध्येच काढून तापू द्या, आंब्याला मीटरभर लांब, रुंद, खोल. मुरूम काढून सगळी काळी माती भरली की तो खड्डा कुंडी होतो आणि मुळं कडेला येऊन वळतात. निघालेल्या मुरमातलाच बारीक भाग निम्मा परत घाला, सोबत तीन घमेली शेणखत आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला १५-२० लिटर पाणी धरा. एवढं पाणी नसेल तर शंभरऐवजी तीस झाडं लावा. शेळ्या-मेंढ्यांसाठी कडेला सागरगोटा किंवा घायपात, आत झाडं. हे आधीच लावून ठेवलं तर तारेच्या कुंपणाचा खर्च वाचतो.

झुडपं आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या फुलझाडांना एवढे नखरे नाहीत. जास्वंद घेताना कोवळ्या शेंड्याच्या बेचक्यात पांढरा कापूस, म्हणजे पिठ्या ढेकूण, नाही ना हे बघावं. मोगरा फुलांवर नव्हे, बुडाशी तीन-चार फुटवे असतील तर घ्यावा. कर्दळ, सोनटक्का, लिली यांना मोठी पिशवी मागण्यात पैसे घालवू नका, छोटा गड्डा दोन वर्षांत स्वतःच वाटायला येतो. अशोक हवा म्हणणाऱ्याला आधी विचारतो, कोणता? बंगल्याच्या कडेला उभा राहतो तो खोटा. सीताअशोकाला निचरा आणि अर्धी सावली लागते, तो हळू वाढतो. कोनोकार्पस हे शोभेचं झाड आम्ही ठेवत नाही. गुजरातनं २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. आमच्याकडे तो बंद झाला तो मुळं जलवाहिनीत शिरतात या तक्रारींमुळे. "कासचं काही मिळेल का" हा प्रश्न दर सप्टेंबरला येतो. नाही. कातळावरच्या बोटभर मातीत चार महिने जगणारं कास पठारावरचं ते गवतफूल बागेच्या खतात टिकत नाही, आणि तिथून उचलूही नये.

चंदनाच्या पिशवीत तुरीचं रोप दिसलं तर ते तण समजून उपटू नका. चंदन अर्धपरजीवी, त्याची मुळं शेजाऱ्याच्या मुळातून अन्न ओढतात. एकटा चंदन पिवळा पडून खुरटतो. शेतात तूर वर्षाची सोबत करते, पुढे कडुनिंब किंवा सुरू असा कायमचा सोबती लागतो, तोही त्याच पावसाळ्यात लावून ठेवायचा.

टेम्पोत रोपं उभी, एकमेकांना चिकटून, आणि वरून हिरवी नेट. उघड्या गाडीत खंबाटकी घाटाचा वारा खाऊन गेलेली रोपं दुसऱ्या दिवशी कडेनं करपलेली असतात. भरणी संध्याकाळी, पाणी दुपारी देऊन. पोहोचल्यावर दोन-तीन दिवस सावलीत विसावू द्या. लावताना पिशवी पूर्ण फाडा. नुसतं बूड कापून पुरणारे अजून भेटतात. नर्सरीत बांधलेली काठी सोडून दोन्ही बाजूंना वेगळ्या काठ्या रोवा, सुतळी आठच्या आकड्यात सैल बांधा आणि वर्षानं काढून टाका.

१८×१८ च्या पिशवीतली दहा-बारा फुटी झाडं मागणारे बंगलेवाले आणि शाळा वाढताहेत. तिथे आम्ही अजून अडतो. एवढ्या गड्ड्याच्या बुडाशी हात पोहोचत नाही, दर ४५ दिवसांनी ती पिशवी हलवायला चार माणसं लागतात. सध्या बहावा, ताम्हण आणि बकुळ एवढ्या तीनच जाती या मापात ठेवतो, मागणी ऑक्टोबरात घेतो आणि जूनमध्ये देतो. त्याआधी हवं असेल तर १०×१२ मधलं न्यावं.