कुठल्या लढाईत होतं हे?

भारतातून कुणी घरी आलं आणि बोलता बोलता माझ्या जुन्या पिस्तुलाचा विषय निघाला, की प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या लढाईत होतं हे? कुणाच्या हातात होतं?" प्रत्येक वेळी घाईत काहीतरी सांगितलं जातं आणि ते अर्धवट राहतं. इतक्यांदा विचारलंत, म्हणून आज सविस्तर लिहितो.

पिस्तूल अमेरिकन सैन्याचं आहे, एम १९११ ए १. कॅलिबर .४५, मॅगझिनमध्ये सात गोळ्या, रिकामं असलं तरी अकराशे ग्रॅमच्या आसपास वजन. जॉन ब्राउनिंगची ही रचना सैन्याने १९११ मध्ये स्वीकारली आणि १९८५ मध्ये बेरेटा या इटालियन कंपनीच्या पिस्तुलाची निवड होईपर्यंत तीच मुख्य होती. कोठारात उरलेली पिस्तुलं सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम या नागरिकांच्या नेमबाजीला उत्तेजन देणाऱ्या संस्थेतर्फे २०१८ पासून नागरिकांना विकायला सुरुवात झाली. मी अर्ज भरला. नागरिकत्वाचा पुरावा, नेमबाजी शिकल्याचा दाखला, दोनदा पार्श्वभूमीची तपासणी, मग नंबर लागायची वाट. अखेर डबा हातात आला.

स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, नाव होतं रेमिंग्टन रँड. टाइपरायटर बनवणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धात तिनेच या जातीची सर्वांत जास्त पिस्तुलं बनवली. बहुतेक जण इथेच थांबतात आणि "माझं रेमिंग्टन रँडचं" असं सांगत राहतात. पण कायद्याच्या आणि सैन्याच्या दृष्टीने पिस्तूल म्हणजे फ्रेम, मुठीसकटचा खालचा सांगाडा, कारण नंबर फ्रेमवर असतो. आणि फ्रेमवर कंपनीचं नाव नसतं. 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी', मॉडेलचं नाव, नंबर आणि काही छोटे शिक्के असतात. माझा नंबर १०,४१,४०५ ते १०,९६,४०४ या टप्प्यात येतो. हे ५५,००० नंबर दिले होते युनियन स्विच अँड सिग्नलला. फ्रेमच्या डाव्या बाजूला आर.सी.डी. ही तीन अक्षरं आहेत, ती या कारखान्याचा माल तपासणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याची. नंबर आणि अक्षरं एकमेकांना दुजोरा देतात, तेव्हा माझी खात्री पटली.

युनियन स्विच अँड सिग्नल ही रेल्वेचे सिग्नल बनवणारी कंपनी. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने काढलेली, पिट्सबर्गजवळच्या स्विसव्हेलची. माझे वडील भुसावळला रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते. मध्यरात्री फोन वाजला की अण्णा ट्रॉलीवर बसून पॉइंट, म्हणजे गाडी रूळ बदलते ती जागा, बघायला जायचे. एक गाडी रुळावर असताना दुसरीला सिग्नल मिळताच कामा नये, त्यासाठी लोखंडाचा तुकडा तुकडा कसा अडकवलेला असतो हे त्यांनी मला केबिनमध्ये उभं करून दाखवलं होतं. तेच काम करणाऱ्या हातांनी १९४३ मध्ये ही फ्रेम घडवली हे कळलं, त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्याच शनिवारी मी स्विसव्हेलला गेलो. कारखाना केव्हाच पाडला गेलाय. तिथे आता मोठं शॉपिंग सेंटर आहे. तरी मी गाडी लावून बराच वेळ उभा राहिलो.

आता पुढचा पुरावा. या कारखान्यातून पिस्तुलं निळसर काळ्या रंगाची निघायची. माझं राखाडी, किंचित हिरवट आहे, म्हणजे फॉस्फेटचा मुलामा नंतर चढवलेला. नळीवर एच.एस. अशी खूण, म्हणजे ती हाय स्टँडर्ड या कंपनीची. आणि फ्रेमवर ए.ए. हा छोटा शिक्का. तो जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा आर्सेनल या लष्करी शस्त्रागाराचा. दुरुस्तीला आलेली पिस्तुलं तिथे पूर्ण खोलायचे, सुटे भाग वेगवेगळ्या पेट्यांत पडायचे, तपासून चांगले निघालेले पुन्हा जोडायचे. कुठल्या कंपनीची स्लाइड कुठल्या फ्रेमवर बसते हे कुणी बघत नसे, कारण सगळे भाग एकमेकांत बसतील असेच बनवलेले होते. रेमिंग्टन रँडची स्लाइड माझ्या फ्रेमवर आली ती अशी. ऑगस्टा आर्सेनल १९५५ मध्ये बंद झालं, म्हणजे ही दुरुस्ती त्याआधीची. युद्ध संपल्यावर कित्येक दशकं सरकारने नवी १९११ पिस्तुलं बनवून घेतलीच नाहीत. कोरियात आणि व्हिएतनाममध्ये हीच जुनी, दुरुस्त केलेली पिस्तुलं गेली.

म्हणजे माझं कोरियात गेलं होतं? इथे मी थांबतो, आणि विचारणाऱ्याचा चेहरा उतरलेला दिसतो. कारखान्यातून माल निघायचा तो पेट्यांनी. पुढे सैन्याच्या तुकडीच्या शस्त्रागारात नंबर लिहून पिस्तूल शिपायाला द्यायचे, परत घ्यायचे, दुसऱ्याला द्यायचे. त्या वह्या जपून ठेवण्याचं कारण कुणाला वाटलं नाही. जुन्या सरकारी कागदांत सापडलेल्या नंबरांच्या याद्या आहेत, पण एखादा नंबर कागदावर आला तो बरेचदा पिस्तूल हरवलं किंवा चोरीला गेलं म्हणून. माझ्या पिस्तुलाचा नंबर त्यांत नाही. नॉर्मंडीचा किनारा किंवा ब्रह्मदेशाचं जंगल सांगितलं तर ऐकणाऱ्याला आवडेल, हे मला कळतं. पण ज्याने ते खरोखर कमरेला बांधलं, त्याच्या जागी मी माझ्या मनातला माणूस उभा करणार नाही. त्याचं नाव गेलंय, तर ती जागा रिकामीच राहू दे.

याच्या उलट गोष्ट एकदा पाहिली. एका ओळखीच्या बाईंनी वडिलांच्या माघारी राहिलेलं जर्मन पिस्तूल दाखवायला आणलं. शत्रूकडून मिळालेलं शस्त्र घरी नेताना अमेरिकन शिपायाला वरिष्ठाच्या सहीचा दाखला लागायचा. कातडी म्यानाच्या कप्प्यात तो घडी घालून ठेवलेला होता. वडिलांचं नाव, तुकडी, तारीख आणि पिस्तुलाचा नंबर, सगळं टाइप केलेलं. मी नंबर ताडून पाहिला, जुळला. बाई म्हणाल्या, हा कागद फार जीर्ण झालाय, टाकूनच देणार होते.

मी त्यांना तिथेच बसवून घेतलं. कागदाचे फोटो काढले, आम्लरहित पाकिटात तो सरळ करून ठेवला, आणि वडिलांबद्दल त्यांना आठवत होतं ते सगळं त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घेतलं, खाली सही आणि तारखेसह. दोन्ही कागद आता त्या पिस्तुलाच्याच पेटीत आहेत.