इंग्रजांची रेल्वे?

आज सकाळी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू टर्मिनसवर तिकिटाच्या रांगेत एक काका नातवाला सांगत होते, "ही रेल्वे इंग्रजांनी बांधली बघ."

अर्धं खरं. मिरज-कोल्हापूर हा साधारण 48 किलोमीटरचा फाटा कोल्हापूर संस्थानाच्या पैशातून झाला. 1888 साली पायाभरणी, 1891 साली गाडी सुरू. शाहू महाराजांच्या हाती कारभार आला तो 1894 मध्ये, म्हणजे रूळ त्यांच्या राज्याभिषेकाच्या आधीच पोचले होते! मालकी संस्थानाची, गाड्या मात्र चालवायची सदर्न मराठा रेल्वे ही 1882 ची इंग्रज कंपनी.

खरी मेख वेगळीच. या कंपनीचे रूळ मीटरगेज, दोन रुळांत 1000 मिलिमीटर अंतर. तिकडे मुंबई-पुणे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटर. वाघीण, म्हणजे मालाचा डबा, पुढे जाणारच कशी? पुण्यात सगळा माल हमालांनी उतरवायचा आणि दुसऱ्या वाघिणीत चढवायचा. दगड असते तर चाललं असतं हो, पण इथून जायचा गूळ! पावसाळी हवेत पाघळणार, आपटला की रवा, म्हणजे गुळाची ढेप, फुटणार, आणि दर पडणार व्यापाऱ्याचा.

मीटरगेज का? खर्च कमी. अरुंद भराव, हलके रूळ, लहान पूल. बांधताना वाचलेला पैसा मग हमालीत जात राहिला, थेट 1971 मध्ये ब्रॉडगेज होईपर्यंत.

तोपर्यंत काकांचा नंबर लागला होता. जुन्या मीटरगेजचा प्रवास कुणाच्या घरी आठवतोय का?