हितंच, जरा राजवाड्याकडं

आमच्याकडं घरातून निघालेल्या माणसाला "कुठं?" म्हणून विचारत नाहीत. विचारलं की काम होत नाही, अशी समजूत. पण विचारल्याशिवाय राहवतही नाही. साताऱ्यातल्या पेठांनी यावर कधीच तोड काढून ठेवलीय. दारात लसूण सोलत बसलेल्या काकू म्हणतात, "काय, लांब का?" आपण चपला पायात सरकवत म्हणायचं, "न्हाई वं, हितंच. जरा राजवाड्याकडं." झालं. काकूंचं समाधान आणि आपली सुटका. राजवाड्याकडं म्हणजे मोती चौकात सोनाराकडं, की गोलबागेत बसायला, की चौपाटीवर पावभाजी खायला, की त्याच वाटेवरच्या कुणा डॉक्टरांकडं, हे काकू खोदून विचारत नाहीत. परत आल्यावर हातातल्या पिशवीकडं बघून काय ते ताडतात. पिशवीवरून ताडणं हा त्यांचा हक्क आणि पिशवी पदराआड धरणं हा माझा.

या उत्तरात खोटं काही नसतं. असतं ते खरंच, फक्त अर्धं. समोरच्यालाही ते अर्धं आहे हे कळत असतं आणि तो उरलेलं मागत नाही. ही देवाणघेवाण इतकी अंगवळणी पडलेली, की तिचं कुणाला कौतुक नाही. मला ते वाटायला लागलं हातात स्मार्टफोन आल्यावर. फोनला अर्ध्या उत्तराची सवय नाही. वरच्या रस्त्यानं गेलीस की खालच्या, मंगळवार पेठेच्या कोपऱ्यावर किती वेळ थांबलीस, तिथं कुणाशी बोलत उभी होतीस, एवढं सगळं आमच्या काकूंनीही कधी एका दमात विचारलं नाही. मी डाउनलोड केलेल्या एका बॅटरीच्या ॲपनं, अंधारात जिन्यात उजेड पाडायचं ॲप हो, माझ्या फोनमधले सगळ्यांचे नंबर बघायची परवानगी मागितली होती. जिन्यात पडल्यावर कुणाकुणाला कळवायचं, याची तजवीज असावी.

पुतण्याची गोष्ट सांगते. भावजींची गाडी घेऊन तो सकाळीच निघाला. "कुठं रे?" भावजींनी विचारलं. (विचारायचं नसतं, पण बापाला कोण सांगणार?) "हितंच, कराडला. मित्राकडं." अर्ध्या तासात भावजींच्या फोनवर मेसेज वाजला: आनेवाडी टोलनाक्यावर पैसे कापले गेले. ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, साताऱ्याहून कराड दक्षिणेला आणि आनेवाडी उत्तरेला. कराडच्या वाटेवर लागतो तो तासवडेचा नाका. आनेवाडी ओलांडून पाचवडला आत वळलं की वाई, आणि पसरणीचा घाट चढलं की पाचगणी. भावजी दिवसभर काही बोलले नाहीत. रात्री पोरगं जेवायला बसलं तेव्हा आमटी वाढून घेता घेता एवढंच म्हणाले, "कराडात गारठा होता का रे?" पोराचा घास हातातच राहिला.

२०२१च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. रांगा कमी झाल्या, सुट्ट्या पैशांवरून होणारी हमरीतुमरी संपली, हे मान्यच आहे. पण पूर्वी टोलची पावती चुरगळून खिशात कोंबली की तो प्रवास आपल्यापुरता संपायचा. आता तो बँकेत राहतो, गाडीमालकाच्या फोनात राहतो, आणखी कुठंकुठं राहत असेल. पुतण्याचं वय बावीस. या वयात बापाला न सांगता पाचगणीला जाता येऊ नये, ही त्या पिढीवर मोठी आफत आहे असं माझं स्पष्ट मत आहे. भावजींसमोर मी ते बोललेले नाही.

गंमत अशी, की फोनलाही अर्धं उत्तर द्यायची सोय आता आहे. २०२१मध्ये अँड्रॉइड १२ आलं तेव्हापासून. आयफोनवाल्यांना ती वर्षभर आधीच मिळाली होती. ॲप जागेची परवानगी मागतं तेव्हा अँड्रॉइडच्या पडद्यावर दोन गोल येतात. एकात गल्लीबोळांसकट नकाशा, दुसऱ्यात नुसताच ढोबळ. दुसरा गोल निवडला की ॲपला आपला ठावठिकाणा साधारण तीन चौरस किलोमीटरच्या पट्ट्यापुरताच कळतो. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतचा सातारा जवळजवळ तेवढ्यात बसतो. पाऊस पडणार की नाही हे सांगायला ॲपला एवढं पुरतं, माझं दार कळून त्याला काय करायचंय? रिक्षा बोलवायची असेल तेव्हा दार सांगावं लागतं, तिथं मी पहिला गोल दाबते. काकूंनाही मी तब्येत बिघडल्यावर डॉक्टरांचं नाव सांगतेच की. यवतेश्वरच्या घाटात पहाटे पळणारी पोरं मनगटावरच्या घड्याळात आपला रस्ता नोंदवतात आणि जगाला दाखवतात. त्या नकाशाची सुरुवात आणि शेवट एकाच ठिकाणी असतो, तो म्हणजे घराचा उंबरा. पळण्याच्या त्या ॲपमध्ये तेवढा तुकडा झाकायची सोय असते. किती जण झाकतात, देव जाणे.

झाकण्यावरून आठवलं ते कासचं पठार. पश्चिम घाटाबरोबर कासही २०१२मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि सप्टेंबरात तिथं फुलांपेक्षा माणसं जास्त दिसायला लागली. त्या गर्दीत काही जाणती माणसं असतात. गुडघ्यावर बसून, भिंग लावून एकेक रोप बघणारी. त्यांना विचारून बघा, कंदीलपुष्प कुठं दिसलं? उत्तर येतं, "सड्यावरच. जरा तिकडं." (सडा म्हणजे हे कातळाचं पठारच.) आणि हात अर्ध्या तालुक्यावरून फिरतो. नेमकी जागा सांगितली तर पुढच्या रविवारी कंद उपटलेला सापडेल, ही धास्ती. निसर्गनिरीक्षणं नोंदवायचं आयनॅचरलिस्ट म्हणून एक संकेतस्थळ आहे. धोक्यात असलेल्या जातीची नोंद तिथं केली, तर तिची खरी जागा आपोआप झाकली जाते आणि नकाशावर साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी एक ठिपका दिसतो. म्हणजे सड्यावरच्या त्या वीतभर रोपाला वीस किलोमीटरची मोकळीक, आणि त्याचा फोटो काढणाऱ्या बाईची जागा त्या फोटोतच अक्षांश-रेखांशासकट लिहिलेली! कॅमेऱ्याला जागेची परवानगी दिलेली असली की ती लिहिली जाते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण "क्वालिटी जाते" म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला की सगळी जशीच्या तशी पलीकडं पोचते. आमच्या नात्यातली हौशी मंडळी डॉक्युमेंटच पाठवतात.

आमच्या सासूबाईंना यातलं काही सांगायला गेलं की त्या हसतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२च्या ऑगस्टपासून एसटी फुकट झाली, तेव्हापासून त्या दर थोड्या दिवसांनी कोरेगावला बहिणीकडं जातात. काम काही नसतं. बटव्यात सुपारी, अडकित्ता आणि लॅमिनेशन केलेलं आधार कार्ड. कंडक्टर कार्ड हातात घेतो, जन्मसाल बघतो, तिकीट काढून देतो आणि कार्ड परत देतो. बघून परत देतो, हे मला फार आवडतं. त्याला वय कळायला हवं होतं, ते कळलं. पुढच्या स्टॉपपर्यंत तो विसरूनही जातो. खरं तर कागद बघणाऱ्या प्रत्येकानं त्या कंडक्टरकडं चार दिवस उमेदवारी करायला हवी.

कारण बाकी सगळीकडं झेरॉक्स लागते. देवदर्शनाला गेलो तिथल्या लॉजवर मी पहिले आठ आकडे झाकलेलं, शेवटचे चारच दिसणारं आधार पुढं केलं. आधारवाल्यांच्याच संकेतस्थळावरून ते अधिकृतपणे काढता येतं. मॅनेजरनं ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे फुल्याफुल्यांचं आपल्याकडं चालत नाही." त्याला तरी काय बोलणार? २०२२च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं लोकांना बजावलं होतं, की आधारची झेरॉक्स ज्याला त्याला देऊ नका, गैरवापर होईल, झाकलेलं आधार द्या. सूचना २७ तारखेची. लोकांचा गैरसमज होईल म्हणून २९ तारखेला ती मागं घेतली. नेहमीची सावधगिरी बाळगा म्हणजे झालं, असं सांगितलं. सरकारी सूचना एवढ्या चपळाईनं फिरलेली मी तरी दुसरी पाहिली नाही.

या झेरॉक्सा पुढं कुठं जातात, याची एक झलक मला चौपाटीवर मिळाली. गरम फुटाण्यांची पुडी घेतली. फुटाणे संपत आले तसा कागद वाचायला लागले, सवयच आहे. कुणाच्या तरी खातं उघडायच्या अर्जाचं मागचं पान होतं. वारसदाराचं नाव, नातं: पत्नी, वय, पत्ता पार घरमागच्या देवळासकट. सहीच्या जागी अंगठा, आणि अंगठ्याच्या निळ्या रेघांवर मीठ. माणूस खटाव तालुक्यातला. त्याला कधी राजवाड्यावर यायला जमलं असेल-नसेल, पण त्याची बायको, तिचं वय आणि त्याचा अंगठा माझ्या हातात. फुटाणेवाल्याचा काही दोष नाही, त्यानं रद्दी किलोवर घेतलेली. मी त्या कागदाचे बारीक तुकडे केले आणि दोन वेगवेगळ्या डब्यांत टाकले. शेजारचा माणूस बघत होता. प्रेमपत्र असावं, असं त्याला वाटलं असणार.

हा सगळा आपला खाजगी मामला आहे, असं न्यायालयातून वदवून घ्यायचं काम शहाऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांनी केलं. के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. २०१२मध्ये त्यांनी आधारविरुद्ध याचिका केली. तिच्यातून पुढं निघालेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखानं सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊ जणांचं एकमत आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरूनसुद्धा होत नाही. मग २०२३ला माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम यायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला, आणि बरीचशी कलमं लागू व्हायला त्यापुढं आणखी अठरा महिन्यांची मुदत. दंड मोठा आहे, २५० कोटींपर्यंत. मला मात्र त्यातली एक बारकी तरतूद जास्त आवडली. तुमची माहिती कशासाठी घेतोय, हे सांगणारी सूचना माणसाला मागितली तर मराठीतही मिळायला हवी. "मी सहमत आहे"च्या वरचा मजकूर एकदा मराठीत वाचायचा आहे मला. इंग्रजीत असतो तोवर न वाचण्याला कारण तरी असतं.

लेक पुण्याला असते. शनिवारी रात्री गाडीनं येते तेव्हा व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन टाकते. तिथं पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास, एवढेच पर्याय. ती एक तास टाकते आणि संपला की परत एक तास. आठ तास का टाकत नाही, असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही. तिचा ठिपका खंबाटकीच्या घाटात अडकला की माझा जीव टांगणीला. घाट उतरून भुईंजच्या पुढं सरकला की मी कुकर लावते. खरं सांगायचं तर तो ठिपका बघत बसायला मला आवडतं. ती घरी येऊन झोपली तरी बघत बसेन. तीच आत येता येता म्हणते, "आले. बंद केलं हं." माझ्या पोटच्या पोरीनं मला अर्धंच उत्तर द्यायचं ठरवलं, तर ते तेवढंच घ्यायला मलाही शिकावं लागणार. काकूंना जमलं ते मला का जमू नये?

दुकानात मात्र मी ठाम असते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३च्या मे महिन्यात दुकानदारांना कळवलंय, की गिऱ्हाइकानं मोबाइल नंबर दिला नाही म्हणून त्याला माल नाकारता येणार नाही. हे मी पाठ करून ठेवलंय. परवा टॉवेल घ्यायला गेले, तर गल्ल्यावरचा पोरगा मान वर न करता म्हणाला, "नंबर सांगा." मी म्हटलं, "नंबर देत नाही." वादाची तयारी करून, केंद्र सरकार जिभेवर घेऊन उभी होते. त्यानं काही वाद घातला नाही. टपाटपा दहा वेळा नऊ दाबला आणि बिल काढलं.

"असं चालतं होय?" मी विचारलं.

"चालतं की काकू. ह्या नंबरावर लई गिऱ्हाइकं हायत." मग जरा पुढं वाकून म्हणाला, "गेल्या म्हयन्यात मालक हिशेब बघत हुते. म्हणले, ह्यो कोण रं एवढा घेतोय आपल्याकडनं? फोन लावा ह्यास्नी, दिवाळीला मिठाई द्यू."