तलत पाशाच्या रस्त्यावरून पूर्वेकडे

अंकाराच्या रेल्वे स्टेशनाशेजारून एक मोठा रस्ता जातो, त्याचं नाव तलतपाशा बुलेव्हार. बसची वर्दळ, तीळ लावलेली सिमितची कडी विकणारे गाडे, ऑफिसला निघालेली माणसं. पाटीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मी मात्र खालीच उभी राहून ती वाचत होते. हा तलत पाशा १९१५ साली ऑटोमन साम्राज्याचा गृहमंत्री होता. आर्मेनियन वस्तीची गावंच्या गावं रिकामी करून माणसांना सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलण्याचे हुकूम त्याच्याच खात्याच्या तारांनी गेले. त्यात १० लाखांच्या आसपास माणसं मेली. आर्मेनियन लोक १५ लाख म्हणतात.

पहिलं महायुद्ध हरल्यावर, १९१९ मध्ये, इस्तंबूलमधल्याच लष्करी न्यायालयाने तलतला गैरहजेरीत फाशीची शिक्षा दिली. न्यायाधीश ऑटोमन, कायदा ऑटोमन. शहरावर तेव्हा जिंकलेल्या दोस्त राष्ट्रांच्या फौजांचा वचक होता, म्हणून तुर्की सरकार आजही त्या खटल्यांना जेत्यांचा न्याय म्हणतं. तलत तोवर जर्मनीत पळाला होता. १९२१ मध्ये बर्लिनच्या रस्त्यावर सोघोमोन तेहलिरियन या आर्मेनियन तरुणाने त्याला गोळी घातली. १९४३ मध्ये त्याचे अवशेष इस्तंबूलला आणून सन्मानाने पुरण्यात आले.

याच अंकारा प्रांताचा १९१५ मधला वाली, म्हणजे गव्हर्नर, मझहर बे. त्याने हुकूम बजावायला नकार दिला आणि पद गमावलं. युद्धानंतर त्याच्याच अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, तिने पुरावे गोळा केले आणि त्यावर ते खटले उभे राहिले. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाला मी मझहर बेबद्दल विचारलं. चुणचुणीत मुलगा, अंकाराचा सगळा इतिहास तोंडपाठ. हे नाव त्याने ऐकलेलं नव्हतं.

या प्रवासाला मी निघाले तेव्हा एकच प्रश्न घेऊन निघाले होते. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट, करणारे सगळे मेलेले, मग आजचा तुर्की देश ती मान्य का करत नाही? 'विसरले असतील' हे उत्तर पहिल्याच दिवशी बाद झालं. विसरलेल्या गोष्टीसाठी कोणी एवढी मेहनत घेत नाही.

अंकाराहून कार्सला जाणारी दोउ एक्सप्रेस, म्हणजे पूर्वेची गाडी, सध्या तुर्की तरुणांची लाडकी आहे. डब्यात रंगीत दिव्यांच्या माळा लावतात, थर्मासमधून चहा, खिडकीला फोन चिकटवलेले. पूर्ण एक दिवस आणि वर काही तास लागतात, पण कंटाळा येत नाही. माझ्या समोर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांनी डबा उघडला तो आधी माझ्यापुढे धरला. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, पांढरं चीज, काकडी.

दिवरी सुटल्यावर रूळ करासू नदीच्या काठाने जायला लागतात. करासू ही युफ्रेटिसची वरची शाखा. दोन्ही बाजूंनी कडे जवळ येत जातात, खाली मातकट हिरवं पाणी, मध्येच बोगदा. ही केमाहची घळ. सगळा डबा खिडक्यांशी गोळा झाला आणि फोटो सुरू झाले. १९१५ च्या जूनमध्ये एर्झिंजान आणि आजूबाजूच्या गावांतून हाकललेल्या आर्मेनियन कुटुंबांचे तांडे याच घळीत आणले गेले आणि इथेच हजारोंना मारून नदीत लोटलं. एर्झिंजानच्या इस्पितळात तेव्हा काम करणाऱ्या परदेशी परिचारिकांनी ते लिहून ठेवलं आहे. मी पाणी बघत बसले. मला फोटो काढवेना.

बाईंनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्यांचा चेहरा कठोर वगैरे झाला नाही. त्या म्हणाल्या, "युद्ध होतं हो. सगळेच मेले. आमचेही मेले." मग बऱ्याच वेळाने सारीकामिश जवळ आल्यावर त्यांनी बाहेरच्या पाइनच्या जंगलाकडे बोट दाखवलं. त्यांच्या आजोबांचे भाऊ तिथे थंडीत गोठून गेले. १९१४ च्या डिसेंबरात युद्धमंत्री एन्वर पाशाने पुरेसे गरम कपडे नसलेल्या फौजेला बर्फातून रशियनांवर घातलं आणि हजारो सैनिक गोळी न लागता मेले. त्या पराभवाचं खापर पुढे आर्मेनियन लोकांच्या 'गद्दारी'वर फुटलं.

बाईंचं दुःख खरं होतं. त्याच्या आधी बाल्कन युद्धांत लाखो मुसलमान घरादाराला मुकून अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कीच्या आशियाई भागात, आले होते, त्यांच्यासाठी युरोपात फारसं कोणी रडलं नाही, हेही खरं. नकाराला समाजात जी पकड मिळते ती अशा खऱ्या दुःखामुळे मिळते, असं मला त्या डब्यात वाटलं. आपल्या घरचा मेलेला माणूस पुढे केला की दुसऱ्याच्या घरच्या मेलेल्यांचा हिशेब मागे पडतो. पण सैनिक आघाडीवर मेला, आणि म्हातारी, पोरं, बाळंतिणी आपल्याच सरकारच्या हुकमाने घरातून काढून मारल्या गेल्या, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. हे मी त्यांना म्हणाले. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण रागावल्याही नाहीत.

समाजाचं एक झालं. सरकारचं कारण अधिक रोकडं आहे. हाकललेल्यांच्या मागे घरं, शेतं, दुकानं, द्राक्षमळे, शाळा, चर्चं राहिली. सरकारने कायदे करून त्या सगळ्याला 'सोडून दिलेली मालमत्ता' ठरवलं आणि वाटून टाकलं. कित्येक घराण्यांची आणि व्यापाऱ्यांची सुरुवात तिथून आहे. अंकारामधला चांकाया प्रासाद, जिथे पुढे राष्ट्राध्यक्ष राहिले, तो मुळात कसाबियन या आर्मेनियन कुटुंबाचा मळा होता. १९२६ च्या एका कायद्याने तर तलतसारख्या, आर्मेनियन मारेकऱ्यांच्या हातून मेलेल्या पुढाऱ्यांच्या वारसांना आर्मेनियन लोकांच्याच मालमत्तेतून वाटा दिला. ज्याने घर लुटायचा हुकूम काढला, त्याच्याच घरच्यांना ते घर!

आणि माणसं? १९१५ मध्ये हद्दपारीचं काम पाहणाऱ्या खात्याचा प्रमुख शुक्रू काया १९२७ ते १९३८ नव्या तुर्की प्रजासत्ताकाचा गृहमंत्री होता. बोआझलियानचा अधिकारी केमाल बे १९१९ मध्ये याच गुन्ह्यासाठी फासावर गेला होता, त्याला अंकाराच्या संसदेने १९२२ मध्ये 'राष्ट्रीय हुतात्मा' ठरवलं. आता १९१५ मान्य करायचं म्हणजे देश उभारणाऱ्यांतल्या काहींना खुनी म्हणायचं आणि घरांच्या सातबाऱ्यावर मागची नावं वाचायची. कोणतं सरकार आपणहून ते करेल? करायला हवं, हे माझं ठाम मत आहे. पण अवघड का जातं ते इथे समजतं.

कार्स थंड, काळ्या दगडाचं, रशियन धाटणीच्या इमारतींचं गाव. १९१५ मध्ये ते रशियाकडे होतं, तुर्कीकडे नंतर आलं. किल्ल्याच्या पायथ्याशी दहाव्या शतकातलं आर्मेनियन चर्च आहे, आता तिथे मशीद आहे. मधाचं आणि चीजचं दुकान दर चार पावलांवर. गावाबाहेरच्या टेकडीवर शिल्पकार मेहमेत अक्सोय यांचं सुमारे ३० मीटर उंचीचं 'मानवता स्मारक' उभं राहत होतं, समोरासमोर उभ्या दोन मानवाकृती, तुर्क-आर्मेनियन मैत्रीसाठी. २०११ च्या जानेवारीत तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन इथे आले, त्याला विद्रूप म्हणाले, आणि एप्रिलमध्ये ते पाडायला घेतलं. इथून दोन-तीन तासांवरच्या इग्दिरमध्ये १९९९ मध्ये उभारलेलं दुसरं स्मारक आहे, आकाशाकडे रोखलेल्या तलवारींचं, चाळीस मीटरहून उंच. आर्मेनियन लोकांनी तुर्कांचा संहार केला, असं ते सांगतं. ते शाबूत आहे. मी ते बसच्या खिडकीतून पाहिलं, उतरले नाही.

आनीला मात्र पूर्ण दिवस दिला. कार्सपासून ४५ किलोमीटर, गवताळ पठार, वारा असा की टोपी हातात धरावी लागते. हजार वर्षांपूर्वी ही आर्मेनियन बग्रातुनी राजांची राजधानी होती. लाल-काळ्या दगडांची चर्चं गवतातून वर येतात. १००१ मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या चर्चचा घुमट पडला आहे, पण आतले खांब बारीक दांड्यांच्या जुडग्यासारखे सरळ वर जातात आणि मान आपोआप मागे कलते. दुसऱ्या एका चर्चचा अर्धा भाग १९५७ च्या वादळात कोसळला. उरलेला अर्धा उभा चिरल्यासारखा उभा आहे, आतली रंगचित्रं उघड्यावर. भिंतींवर सगळीकडे आर्मेनियन लिपी कोरलेली, अक्षरं बोटाने चाचपता येतात.

बरीच वर्षं इथल्या सरकारी पाट्यांवर 'आर्मेनियन' हा शब्द नव्हता, आणि येणारे प्रवासी ते पुन्हा पुन्हा लिहीत आले. २०१६ मध्ये आनी जागतिक वारसा यादीत गेलं. मी वाचलेल्या पाट्यांवर घराण्याचं नाव होतं, बांधकामाचं साल होतं, सेल्जुक तुर्कांच्या विजयाचं वर्णन ऐसपैस होतं. घराणं कोणत्या लोकांचं, हे एका कॉलेजच्या मुलाने शेजारी उभं राहून मित्राला विचारलं. मित्र म्हणाला, "जॉर्जियन असतील." भिंतीवर उत्तर कोरलेलं होतं आणि त्या दोघांना ती लिपी कधी दाखवलीच गेलेली नव्हती. खाली दरीत आर्पाचाय नदी, पलीकडच्या काठावर आर्मेनिया देश. सरहद्द १९९३ पासून बंद.

इस्तंबूलला परतले ती शिश्ली भागात राहायला गेले, मुद्दाम. तलतची कबर याच भागात, भल्यामोठ्या न्यायालयाच्या इमारतीजवळच्या टेकडीवर. आणि याच भागात हालास्कारगाझी रस्त्यावर 'आगोस' या तुर्की-आर्मेनियन साप्ताहिकाचं जुनं ऑफिस. संपादक ह्रांत दिंक मालात्याचे, तुर्कीचे नागरिक, आपल्या देशावर जीव असलेले. १९१५ वर बोलत राहिले आणि २००५ मध्ये 'तुर्कत्वाचा अपमान' केला म्हणून दोषी ठरले. १९ जानेवारी २००७ ला दुपारी याच दारात एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यांना मागून गोळ्या घातल्या. अटकेनंतर पोलिसांनी त्या मुलाच्या हातात राष्ट्रध्वज देऊन त्याच्यासोबत फोटो काढले. मुलाचा जन्म १९१५ नंतर पंचाहत्तर वर्षांचा. शाळेच्या पुस्तकातून, भाषणांतून, कोर्टाच्या निकालातून त्याला शत्रू तयार करून मिळाला होता. अंत्ययात्रेला लाखावर लोक आले, बहुतेक तुर्क. हातात फलक होते: आम्ही सगळे ह्रांत, आम्ही सगळे आर्मेनियन.

ऑफिस आता स्मृतिस्थान आहे. त्यांची खोली, टेबल, पुस्तकं जशीच्या तशी. इथे मला सगळ्यात जास्त सापडलं ते खटल्यात त्यांच्या बाजूने लढलेल्या फेतिये चेतिन या वकिलाबद्दल. तरुणपणी त्यांच्या आजीने त्यांना जवळ बसवून सांगितलं की तिचं खरं नाव हेरानुश. १९१५ च्या तांड्यातून तिला आईपासून ओढून नेलं होतं आणि सेहेर नाव देऊन मुसलमान घरात वाढवलं होतं. अशा मुली हजारोंनी होत्या. म्हणजे सरकार ज्यांचं मरण नाकारतं त्यांचीच नातवंडं-पतवंडं तुर्क म्हणून मतदान करतात, फौजेत जातात, आणि कदाचित इग्दिरच्या तलवारींसमोर फोटोही काढतात.

तिथे माहिती देणारी मुलगी पंचविशीची, तुर्क. २०१८ च्या फेब्रुवारीत सरकारने नागरिकांचे वंशावळीचे दप्तर पहिल्यांदा इंटरनेटवर खुलं केलं, तेव्हा काही तासांत इतकी झुंबड उडाली की साइट बसली आणि काही दिवस बंद ठेवावी लागली, हे तिनेच मला सांगितलं. तिनेही आपली नोंद काढली. एका पणजीच्या बापाच्या रकान्यात नुसतं 'अब्दुल्ला' होतं. धर्म बदललेल्यांच्या बापाचं नाव दप्तरात बहुधा असंच घालत. तिने तो कागद आईपुढे ठेवला. आईला ते लहानपणापासून ठाऊक होतं.